दुसऱ्याच्या हातची मोटार

बंगळुरात मराठी माणूस नवा नाही. १६३८ नंतर या नगराची जहागीर शहाजीराजांकडे आली, तेव्हापासून तुंगभद्रेच्या दक्षिणेला मराठी कुटुंबांची ये-जा चालू आहे. त्या काळी ती घोड्यांवरून आणि बैलगाड्यांतून होई. आज ती राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ वरून मोटारीने होते. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, धारवाड, बेळगाव आणि निपाणी ही गावे मागे टाकून सहाशेहून अधिक किलोमीटर अंतर कापले, म्हणजे कोल्हापूर येते.

या रस्त्याने वर्षातून दोनदा तरी जाणारे जयनगरातील एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. नवराबायको दोघेही नोकरी करणारी, दोन मुले शाळेत जाणारी, आणि घरात वृद्ध आजोबा. उभा जन्म एस.टी. चालविण्यात गेलेल्या या आजोबांना आता चाकाच्या खुर्चीवाचून घराबाहेर पडता येत नाही. सध्याच्या लहान मोटारीत खुर्ची ठेवली की सामानाला जागा उरत नाही आणि सामान ठेवले की खुर्ची मागे राहते. गेल्या गणपतीला खुर्ची मागे राहिली आणि तिच्याबरोबर आजोबाही मागे राहिले. अशा वेळी घरधन्याच्या पाहण्यात एक जुनी एस्टेट मोटार येते. ती लांबलचक आहे, मागे सपाट आणि प्रशस्त जागा आहे, इंजिनाला टर्बो बसविलेला आहे, आणि किंमत नव्या लहान मोटारीपेक्षा पुष्कळ कमी आहे. ती घ्यावी की नाही, आणि घेतली तर रोजच्या कामाला जुंपावी की नाही, हा त्या घरापुढचा प्रश्न आहे. साठविलेला पैसा थोडा आहे आणि चूक झाली तर ती निस्तरण्यास दुसरा पैसा नाही.

प्रथम या जातीच्या मोटारीचा विचार करणे योग्य होईल. स्टेशन वॅगन हे नावच सांगते की रेल्वेच्या स्टेशनावरून माणसे आणि त्यांचे सामान एकदमच घरी नेणे हे तिचे मूळ काम. आपल्याकडे अँबॅसिडरची एस्टेट होऊन गेली. पुढे मारुतीने बलेनो अल्टुरा आणली आणि २००४ मध्ये टाटांनी पुण्यात तयार होणाऱ्या इंडिगोची मरीना ही आवृत्ती काढली. स्कोडा कंपनीने २००१ मध्ये औरंगाबादेजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराजवळ, शेंद्रे येथे कारखाना काढून ऑक्टेव्हिया बाजारात आणली. तिचीही कॉम्बी नावाची एस्टेट आवृत्ती काही वर्षे भारतात विकली गेली. या सर्व गाड्या उपयुक्त होत्या, परंतु ग्राहकांनी त्यांना फारसा कौल दिला नाही. त्यातच २००६ च्या अंदाजपत्रकाने चार मीटरांहून आखूड असलेल्या लहान गाड्यांवरील उत्पादनशुल्क कमी केले आणि लांब शेपटाच्या गाडीवर आणखी संक्रांत आली. पुढे उंच बांध्याच्या एसयूव्ही गाड्यांनी बाजार व्यापला.

लोकांनी टाकलेल्या वस्तूत कधी कधी खरा लाभ दडलेला असतो. पहिल्या पिढीच्या ऑक्टेव्हिया कॉम्बीच्या मागील कप्प्यात ५४८ लिटर सामान मावते आणि मागची आसने दुमडली तर १,५१२ लिटर. तिचा उंबरठा खाली असल्यामुळे जड खुर्ची फार उचलावी लागत नाही. आसनेही जमिनीपासून फार उंच नसल्याने गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत बसणे उंच गाडीपेक्षा सोपे जाते. बोजा खालच्या बाजूला राहिल्याने वळणावर गाडी कमी कलते. आजोबांच्या दृष्टीने पाहिले तर ही मोटार जणू त्यांच्यासाठीच घडविलेली आहे. साडेचार मीटर लांबीची ही गाडी जुन्या वस्तीतील अरुंद गल्लीत लावताना मात्र घाम काढते, आणि बंगळुरातील उंच गतिरोधकांवरून भरल्या गाडीने जाताना तिचे पोट घासते.

आता टर्बोविषयी. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा धुरावाटे वाया जातो. या वाया जाणाऱ्या धुराने एक लहान चक्र फिरवावे, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवावे, आणि या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबावी, अशी ही युक्ती आहे. हवा अधिक मिळाली की इंधन अधिक जाळता येते आणि लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाची ताकद निघते. स्वित्झर्लंडमधील अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले.

या युक्तीचा बंगळुराशी एक खास संबंध आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. येथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा जवळजवळ एक दशांशाने विरळ आहे, आणि साध्या इंजिनाची ताकदही जवळपास त्याच प्रमाणात येथे घटते. टर्बो ही तूट भरून काढतो. अमेरिकेत १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने विमानाचे लिबर्टी इंजिन सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर नेऊन हीच गोष्ट सिद्ध केली होती. टर्बोवाचून तेथे दमछाक होणाऱ्या इंजिनाने टर्बो लावताच समुद्रसपाटीवरची ताकद दाखविली. तेव्हा सामान आणि पाच माणसे घेऊन दख्खनच्या पठारावरून जाणाऱ्या मोटारीला टर्बो शोभतो, यात शंका नाही.

परंतु महामार्गाचे दिवस वर्षातून मोजके. रोजचा दिवस निराळा. टॉमटॉम या डच कंपनीने केलेल्या २०२२ च्या पाहणीनुसार बंगळुराच्या मध्यभागात १० किलोमीटर जाण्यास सरासरी २९ मिनिटे १० सेकंद लागत होते. म्हणजे वेग ताशी वीस किलोमीटरांच्या किंचित वर. सिल्क बोर्डाच्या चौकात किंवा हेब्बाळच्या पुलावर सकाळी अडकलेल्या माणसाला ही सरासरीदेखील उदार वाटेल. अशा गतीत इंजिन मंद फिरते, धुराचा लोट दुबळा असतो आणि टर्बो अर्धवट निजलेला राहतो. पुष्कळशा जुन्या गाड्यांत इंजिनाचे फेरे मिनिटाला दीड-दोन हजारांच्या वर गेल्याखेरीज तो नीट जागा होत नाही. चालकाने पाय दाबावा, क्षणभर काहीच घडू नये आणि मग एकदम धक्का बसावा, तोवर पुढची रिक्षा थांबलेली असावी, असा हा रोजचा अनुभव. डिझेल गाडीत याहून एक व्याधी असते. मंद चालीत काजळी अधिक साठते, आणि ज्या टर्बोंमध्ये धुराचा झोत वळविणाऱ्या फिरत्या पात्या असतात, त्यांत ती अडकून बसते. याचा अर्थ असा, की ज्या सुखासाठी टर्बोचे पैसे मोजावयाचे, ते सुख शहरात क्वचित लाभते. देखभालीचा भार मात्र रोज अंगावर राहतो.

हा भार कशाचा, ते समजून घेतले पाहिजे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. एका टोकाला शेकडो अंश तापलेला धूर, दुसऱ्या टोकाला थंड हवा, आणि मध्ये त्या दांड्याला आधार कसला, तर इंजिनातल्याच तेलाच्या पातळ थराचा. तेल स्वच्छ आणि योग्य जातीचे असेल तर दांडा वर्षानुवर्षे तरंगत राहतो. तेल जुने झाले, हलके घातले, किंवा बदलण्यास विलंब झाला, तर तोच थर फाटतो. शिवाय घाट चढून किंवा महामार्गावर दीर्घ काळ वेगाने येऊन गाडी थांबविली आणि तत्क्षणी किल्ली फिरविली, तर तेलाचा प्रवाह बंद पडतो. आत राहिलेले तेल त्या आचेने करपून कोळशासारखे होते. मिनिटभर इंजिन मंद चालू ठेवले तर हे टळते. शहरातील संथ चालीनंतर त्याची गरज नसते, कारण तेवढ्यात टर्बो आपोआपच निवलेला असतो. काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही पाणी खेळविणारा लहान पंप असतो. तरी ही सवय असणे चांगलेच.

यंत्राच्या या नाजूकपणाचा इतिहासात एक बोलका दाखला आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्डस्मोबिल कंपनीने जेटफायर नावाची टर्बोची मोटार काढली. तिच्या इंजिनाला आवर घालण्यासाठी शुद्ध पाणी आणि मेथेनॉल यांचे मिश्रण एका टाकीत भरावे लागे. मालक ते भरण्यास विसरत आणि टाकी रिकामी झाली की गाडीची ताकद आखडती घेतली जाई. मोटार फार दिवस चालली नाही, आणि १९६५ मध्ये कंपनीने तक्रार करणाऱ्यांच्या गाड्यांवरील टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवून देण्याची तयारी दाखविली. युक्ती बुद्धिमान होती, परंतु ती मालकाच्या शिस्तीवर उभी होती आणि शिस्त सर्वांच्या ठायी नव्हती.

जुनी टर्बो गाडी घेऊ इच्छिणाऱ्याने नेमकी हीच गोष्ट ध्यानात ठेवावी. तो केवळ लोखंड आणि काच विकत घेत नाही. आधीच्या मालकाच्या पंधरा-वीस वर्षांच्या सवयी तो विकत घेत असतो. साध्या इंजिनाची गाडी मालकाचा आळस बराच काळ पोटात घालते. टर्बो मात्र प्रत्येक उशिरा बदललेल्या तेलाची, प्रत्येक घाईने फिरविलेल्या किल्लीची नोंद ठेवतो आणि एके दिवशी सगळ्याचा हिशेब मागतो. तो हिशेब ज्याच्या हाती त्या दिवशी गाडी असेल, त्याला चुकवावा लागतो.

मग परीक्षा करावी कशी? रंग आणि चकाकी यांवरून काही कळत नाही. पहिला पुरावा कागदाचा. तेल केव्हा बदलले, कोणत्या जातीचे घातले, टायमिंग बेल्ट कितव्या किलोमीटरला आणि कोणत्या साली बदलला, याच्या पावत्या मागाव्यात. हा पट्टा तुटला तर अशा इंजिनांत झडपा आणि दट्ट्ये एकमेकांवर आदळतात आणि इंजिन निकामी होते. म्हणून पावती नसेल तर पट्टा बदललेला नाही असेच समजून चालावे. दुसरा पुरावा थंड इंजिनाचा. सकाळी, विकणाऱ्याने गाडी चालू करण्यापूर्वी जावे, बॉनेटवर हात ठेवून ते गार आहे याची खात्री करावी आणि मग इंजिन चालू करण्यास सांगावे. निळसर धूर निघाला तर तेल जळत आहे. तेलाचे झाकण उघडून आत काळा चिकट थर दिसतो का पाहावे. हवा वाहून नेणारे रबरी नळ चिरलेले किंवा तेलाने ओले झालेले असतील तर तेही ध्यानात घ्यावे.

तिसरा पुरावा चढाचा. बंगळुरापासून सुमारे साठ किलोमीटरवर १,४७८ मीटर उंचीचा नंदीदुर्ग आहे. तेथवरचा मोकळा रस्ता आणि शेवटचा वळणांचा घाट यांवर टर्बोचे खरे स्वरूप कळते. ताकद सलग येते का, की मध्येच खंडते. शिट्टीचा मंद स्वर कर्कश होतो का. मागे काळा धूर सुटतो का. घाट संपताना पाण्याची उष्णता वाढते का, हे सारे त्या तासाभरात उघड होते. अनोळखी माणसाबरोबर एवढे लांब जाण्यास विकणारा तयार नसेल तर निदान एखाद्या उड्डाणपुलाचा चढ पाहावा आणि तेवढ्या प्रमाणात किंमत कमी धरावी.

चौथ्या पुराव्याकडे फारसे कोणी पाहत नाही. जयनगरातील त्या घरातून मुलगा मोटार पाहून परत येतो आणि इंजिन, आसने, काचा यांचे वर्णन करू लागतो. आजोबा सगळे ऐकून घेतात आणि एकच प्रश्न विचारतात, "अरे, घाट चढून आल्यावर त्याने किल्ली केव्हा फिरवली?" मुलाला ते आठवत नाही. "मग उद्या पुन्हा जा. या खेपेला गाडीकडे बघू नकोस, त्याच्या हाताकडे बघ." एस.टी. चालविलेल्या माणसाचा हा उपदेश कोणत्याही उपकरणाच्या परीक्षेइतकाच मोलाचा आहे. जो मालक गाडी थांबवून बोलता बोलता इंजिन घटकाभर मंद चालू ठेवतो, त्याच्या घरी तेलाच्या पावत्याही बहुधा जपून ठेवलेल्या सापडतात.

यानंतर कायद्याची आणि सुट्या भागांची बाजू. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. १५ वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांवरील गाडीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. गाडी पुण्यामुंबईकडील नोंदणीची असेल तर आणखी एक काम वाढते: १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार ती बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवावयाची झाल्यास तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्याबरोबर तेथील कर येतो. स्वस्त वाटलेली गाडी या हिशेबात कधी कधी महाग पडते.

सुट्या भागांच्या बाबतीत बंगळूर भाग्यवान आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मायको कंपनीमुळे, म्हणजे आजच्या बॉशमुळे, डिझेल पंपाची कामे जाणणारे कारागीर या शहरात पिढ्यानुपिढ्या आहेत. जे.सी. रोडवर आणि शिवाजीनगरात मोटारींच्या भागांचा मोठा बाजार भरतो. एस्टेटचे इंजिन, ब्रेक आणि पुढचा भाग बहुधा त्याच नावाच्या साध्या गाडीसारखा असतो, म्हणून ते भाग मिळतात. मागचे दार, मागची काच, मागचे दिवे हे मात्र केवळ एस्टेटचे. गाड्याच थोड्या विकल्या गेल्यामुळे ते दुर्मिळ. मागून बसलेला एक किरकोळ धक्का गाडीला महिनोन्महिने घरी बसवू शकतो. पेट्रोलची टर्बो गाडी असेल तर आणखी एक विचार करावा. आता सर्वत्र २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्यासाठी न बनविलेल्या जुन्या गाडीत रबरी नळ्या आणि वायसर तपासून घ्यावेत. अशा जुन्या चारचाकीचे अंतर दर लिटरमागे सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात दिला होता.

सर्व बाजू तोलून पाहता निर्णय काय? घरात ही एकच मोटार राहणार असेल आणि तिने रोज सकाळ-संध्याकाळ शहराच्या कोंडीत चालावयाचे असेल, तर जुनी टर्बो एस्टेट घेऊ नये. तिचे गुण तेथे निजून राहतात आणि दोष जागे होतात. शिवाय एखाद्या सकाळी ती बंद पडली तर कचेरी, शाळा आणि आजोबांचे रुग्णालय ही तिन्ही कामे एकदम अडतात. अशा घराने टर्बोविरहित, साधी, सुटे भाग कोठेही मिळणारी प्रशस्त गाडी शोधावी. तिच्यात थोडी जागा कमी मिळाली तरी चालेल.

परंतु रोजच्या जाण्यायेण्याला दुसरा मार्ग असेल तर प्रश्न पालटतो. २०११ मध्ये सुरू झालेली नम्म मेट्रो आता शहराच्या चारी दिशांना बरीच पसरली आहे. नवराबायकोंपैकी एकाची कचेरी जरी तिच्या मार्गावर आली, तरी मोटारीवरचा रोजचा भार निम्मा होतो. मग ही लांब गाडी आजोबांना रुग्णालयात नेण्यास, सुटीच्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर काजळी झाडून घेण्यास आणि गणपतीला कोल्हापुरास जाण्यास ठेवता येते. आणि या कामांत तिच्यासारखी दुसरी नाही. तेव्हा पावत्या पुऱ्या असाव्यात, विकणाऱ्याचा हात शांत असावा, आणि गाडीच्या किमतीचा निदान चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळा बांधून ठेवलेला असावा. या तीन अटींपैकी एक जरी पुरी होत नसेल, तरी हातातला पैसा हातातच राहू द्यावा.

आणि आणखी एक गोष्ट घेणाऱ्याने स्वतःला विचारावी. दुसऱ्याच्या सवयींची परीक्षा झाली. पण स्वतःच्या सवयींचे काय? चित्रदुर्गाजवळच्या धाब्यावर मुले भुकेने कुरकुरत असताना, इंजिन मिनिटभर चालू ठेवून थांबण्याइतका धीर आपल्यापाशी आहे का? कामाच्या गर्दीत तेल बदलण्याची तारीख आपण पाळू का? ज्याचे उत्तर होकारार्थी असेल, त्याच्या हाती ही मोटार अजून काही वर्षे सुखाने चालेल. आणि पुढच्या गणपतीला ती निपाणी ओलांडून कोल्हापुरात शिरेल, तेव्हा मागच्या कप्प्यात खुर्ची असेल आणि मधल्या आसनावर, खिडकीशी, आजोबा असतील.